मावशीचे आठ महिने: राज्य अन्न आयोगाला खुलं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सदस्य,
महाराष्ट्र राज्य अन्न आयोग, मुंबई.

विषय: चुकीने बंद झालेलं रेशन पुन्हा चालू करताना मधल्या महिन्यांचा अन्न सुरक्षा भत्ता देण्याबाबत.

महोदय, महोदया,

नवी मुंबईत तुर्भे स्टोअरच्या वस्तीत माझं झेरॉक्सचं दुकान आहे. छोटा गाळा, एक झेरॉक्स मशीन, एक कॉम्प्युटर, बाहेर एक बाकडं. फॉर्म भरून देतो, आधारच्या प्रिंट काढतो, उत्पन्नाच्या दाखल्याचे अर्ज ऑनलाइन टाकतो. रेशनची कटकट सुरू झाली की माणसं रेशनिंग ऑफिसला जायच्या आधी माझ्याकडे येतात आणि तिथून परत फिरली की पुन्हा माझ्याकडेच येतात. त्यामुळे कोणाचं कार्ड कधी बंद झालं आणि कोणाचं परत चालू झालं, हे बाकड्यावरच्या बोलण्यातून मला आपोआप कळतं.

आमच्या गल्लीत एक मावशी आहेत. वय पासष्टच्या पुढे. मुलगा वारला, घरात सून आणि तीन नातवंडं. एपीएमसी मार्केट जवळ असल्यामुळे इथे घरोघरी लसूण सोलायचं काम चालतं. रात्री लसूण पाण्यात भिजत घालायचा आणि पहाटेपासून सोलायला बसायचं. सासू-सुना दोघी बसतात. सगळं मिळून दिवसाला दोनशे रुपये सुटले तर तो चांगला दिवस. वर्षानुवर्षं लसूण सोलून मावशींच्या अंगठ्याची कातडी पांढरी पडली आहे. रेषा अशा उरलेल्याच नाहीत, नुसत्या भेगा आहेत.

हा अंगठा रेशन दुकानातल्या पॉस मशीनला लागत नाही. मी स्वतः त्यांच्यासोबत गेलो आहे, म्हणून बघितलेलं सांगतो. दुकानदाराने अंगठा कोरड्या फडक्याने पुसला, मशीनवर दाबून धरला. जुळला नाही. मावशींनी तो केसांवर घासला आणि परत लावला. नाही. मग डावा अंगठा, मग तर्जनी. मागे रांग होती, पण कोणी कुरकुरलं नाही, कारण निम्म्या बायकांची तीच गत. चौथ्या-पाचव्या वेळेला सुनेचा अंगठा लावून धान्य मिळायचं. हे असं कित्येक महिने चाललं होतं आणि ते चालवून घेण्याची सवय सगळ्यांना झाली होती.

मग ई-केवायसी आली. कार्डावरच्या प्रत्येक माणसाने यायचं आणि प्रत्येकाचा अंगठा लागला पाहिजे. मावशींचा लागला नाही. मोबाइलवर चेहरा दाखवून करायचं अ‍ॅप आलं तेव्हा मी माझ्या फोनवर तीन वेळा प्रयत्न केला, तेही झालं नाही. आधारवरचा फोटो जुना, चेहरा जुळेना. तेव्हा मीच त्यांना म्हणालो, "मावशी, मुदत वाढलीय, थांबा, आधार अपडेट करून घेऊ." मुदत खरंच वाढत होती, एकदा नाही, बऱ्याचदा. पण माझ्या त्या शब्दावर त्या थांबल्या याची बोच मला आजही आहे.

दिवाळी झाल्यावर नोव्हेंबरात त्या पिशव्या घेऊन दुकानात गेल्या. मशीनवर त्यांच्या आरसी नंबरापुढे धान्यच दाखवेना. रेशनिंगच्या ऑफिसात चौकशी केली तेव्हा कळलं की कार्ड "एनपीएचमध्ये गेलंय". म्हणजे प्राधान्य कुटुंबांच्या यादीतून काढून बिगर-प्राधान्यात टाकलं. हातातलं केशरी कार्ड तेच, पानांवरचे शिक्के तेच. बदल झाला तो फक्त कॉम्प्युटरमध्ये. कोणी केला, कोणत्या तारखेला केला, कशामुळे केला, याचा एक कागद त्यांना मिळाला नाही. अंगठ्यामुळे म्हणावं तर सुनेची आणि नातवंडांची ई-केवायसी झालेली होती. घराचं उत्पन्न जास्त दिसलं म्हणावं तर तेही कोणी लिहून दिलं नाही.

उत्पन्नाचा विषय निघालाच आहे तर एक हिशोब मांडतो. शहरात प्राधान्य कुटुंबासाठी वर्षाला 59,000 रुपयांची मर्यादा आहे. कायदा राज्यात लागू झाला तेव्हा, 2014 च्या सुमाराची. दिवसाला 200 रुपये, महिन्याचे 25 दिवस, वर्षाचे बारा महिने धरा: 60,000 होतात. म्हणजे सासू-सुनांनी लसूण सोलून एक दिवसही आजारी न पडता काम केलं तर त्या हजार रुपयांनी "सधन" ठरतात. या शहरात इतक्या उत्पन्नावर झोपडीचं भाडंसुद्धा निघत नाही. मर्यादा बदलणं आयोगाच्या हातात नसेल, पण कोणाला अपात्र म्हणताय ते शिफारस करताना डोळ्यांपुढे असावं म्हणून लिहिलं.

पुढे आठ महिने मावशी फिरल्या. प्रत्येक खेपेला एक दिवसाची मजुरी बुडाली आणि येण्याजाण्याचं भाडं गेलं ते वेगळं. कधी साहेब मीटिंगला, कधी सर्व्हर डाऊन, कधी "हमीपत्र जोडा", कधी "लाईट बिल कोणाच्या नावावर आहे ते आणा". एकदा सगळं पूर्ण झालं तेव्हा उत्तर मिळालं की इष्टांक, म्हणजे यादीत किती माणसं घ्यायची ती ठरलेली मर्यादा, संपला आहे, जागा झाली की नाव घेऊ. हे उत्तर ऐकून मला सगळ्यात जास्त राग आला. इष्टांकातली ती जागा मावशींचीच होती! चुकीने त्यांना उठवलं, त्यांची जागा दुसऱ्या कोणाला दिली आणि आता त्यांनाच रांगेत मागे उभं राहायला सांगितलं. ज्याला जागा मिळाली तोही गरजूच असेल, त्याच्याविषयी माझी तक्रार नाही. पण चूक खात्याची असेल तर इष्टांकाची भिंत मावशींपुढे का उभी राहावी?

हा इष्टांकसुद्धा कुठून आला ते आयोगाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. 2013 च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याखाली महाराष्ट्राला सुमारे 7 कोटी माणसांची मर्यादा मिळाली, शहरी भागात 45.34 टक्के आणि ग्रामीण भागात 76.32 टक्के. हे सगळं 2011 च्या जनगणनेवर. तेव्हा ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या 1 कोटी 10 लाख होती आणि पालघर त्यातच होता, तो वेगळा झाला 1 ऑगस्ट 2014 ला. त्यानंतर दिवा, मुंब्रा, घोडबंदर या भागांत किती माणूस वाढला हे लोकलमधून प्रवास करणारा कोणीही सांगेल. 2021 ची जनगणना वेळेवर झाली नाही आणि आकडा तिथेच राहिला. आकडा वाढत नाही म्हटल्यावर नवीन माणसाला आत घ्यायचं तर कोणाला तरी बाहेर काढावं लागतं. अशा वेळी काढताना घाई होते आणि ती घाई अंगठा न लागणाऱ्यांवर, गावी गेलेल्यांवर, म्हाताऱ्यांवर पडते.

गावी गेलेल्यांचंही सांगतो. आमच्या वस्तीत मराठवाड्यातून आलेली घरं खूप आहेत. काही जण ऊसतोडीला जातात, काही शेतीच्या कामाला. पाच-सहा महिने धान्य उचललं नाही की कार्ड "सायलेंट" धरतात. आता देशभर कुठेही धान्य उचलता येतं हे खरं, पण फडावर पाल ठोकून राहणाऱ्या माणसाला जवळचं दुकान किती कोसांवर आहे ते आधी बघावं लागतं. परत येतो तेव्हा कार्ड बंद.

बोगस कार्डं असतात हे मी नाकारत नाही. स्वतःची चारचाकी असलेला, वर भाड्याच्या दोन खोल्या असलेला माणूस रेशनचा तांदूळ उचलून बाहेर विकतो, हे आम्हाला पण दिसतं आणि त्याचं नाव कापलं तर वस्तीत कोणालाच वाईट वाटणार नाही. पण कापाकापीतून नक्की कोण गेलं ते कोणी तरी जाऊन बघायला हवं. झारखंडात अभ्यासकांनी रद्द झालेल्या कार्डांचे पत्ते घेऊन घरोघरी शोध घेतला, तेव्हा दहातली जवळपास नऊ कार्डं खऱ्या, तिथेच राहणाऱ्या कुटुंबांची निघाली. त्याच राज्यातल्या सिमडेगा जिल्ह्यात सप्टेंबर 2017 मध्ये अकरा वर्षांची मुलगी गेली. आधार जोडलं नाही म्हणून घरचं कार्ड रद्द झालं होतं. आईने सांगितलं, पोरगी भात मागत गेली. प्रशासनाने सांगितलं, आजाराने गेली. पण कार्ड रद्द होतं आणि घरात धान्य नव्हतं, याबद्दल वाद नाही. त्यानंतर 24 ऑक्टोबर 2017 ला केंद्राच्या अन्न खात्याने सगळ्या राज्यांना लिहून कळवलं की केवळ आधार नाही म्हणून कोणाचं नाव यादीतून काढू नका आणि अंगठा जुळला नाही किंवा नेटवर्क नसलं तरी धान्य नाकारू नका. ते पत्र आजही वाचायला मिळतं. माझ्याकडे त्याची झेरॉक्स आहे, मी ती दुकानात लावली आहे.

आता मूळ मुद्द्यावर येतो.

मावशींचं कार्ड जुलै महिन्यात परत प्राधान्य यादीत आलं. एका नव्या अधिकारी बाईंनी फाईल वाचली, घरी माणूस पाठवला आणि काम केलं. त्यांचे आभार मानायला मावशी पेढे घेऊन गेल्या होत्या. सगळ्यांनी सांगितलं, "झालं मावशी, चालू झालं." मावशींनी मला विचारलं, "मग मागचं?"

मी म्हटलं, मागचं काय?

"मागच्या आठ महिन्यांचं. ते आमचंच होतं ना?"

पाच माणसं, माणशी 5 किलो, महिन्याला 25 किलो. आठ महिन्यांचे 200 किलो. हे 200 किलो त्या घराने काय केलं ते मी बघितलं आहे. पहिले दोन महिने किराणा दुकानातून तांदूळ आणला, एक-एक किलो, वहीवर लिहून. मग तांदळाऐवजी कणी. मग उधारी वाढली तेव्हा मावशींनी कानातलं मोडलं. मोठी नात सातवीत आहे, तिने शाळा सुटल्यावर लसूण सोलायला बसायला सुरुवात केली. तिच्या वहीवर लसणाचा वास येतो म्हणून पोरी तिच्याशेजारी बसत नाहीत, हे तिनेच मला सांगितलं, शाळेच्या प्रोजेक्टचं चित्र छापायला आली होती तेव्हा. जुलैत कार्ड चालू झालं म्हणून यातलं काही परत आलं नाही. किराणावाल्याची उधारी अजून फिटतेय.

मावशींच्या प्रश्नाचं उत्तर कायद्यात आहे. अन्न सुरक्षा कायद्याचं कलम 8 सांगतं की हक्काचं धान्य मिळालं नाही तर त्या माणसाला राज्य सरकारकडून अन्न सुरक्षा भत्ता मिळण्याचा हक्क आहे. किती द्यायचा त्याचे केंद्राचे 2015 चे नियम आहेत: किमान हमीभावाच्या सव्वापट रकमेतून कायद्यातला दर वजा करायचा आणि न मिळालेल्या किलोंनी गुणायचं. गव्हाचा 2025-26 च्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला 2,425 रुपये होता. त्याच्या सव्वापट म्हणजे किलोला 30 रुपये 31 पैसे. त्यातून कायद्यातले 2 रुपये काढले तर 28 रुपयांच्या वर उरतात. नुसता गहू धरला तरी मावशींचे साडेपाच हजारांच्या वर होतात. ही दयेची रक्कम नाही, कायद्याने लिहून दिलेली आहे.

मी या दुकानात इतकी वर्षं बसलो आहे, पण कार्ड परत चालू झाल्यावर कोणाला हा भत्ता मिळाल्याचं मी पाहिलं नाही. कोणी मागितल्याचंही नाही, कारण कोणाला माहीतच नाही. ऑफिसात विचारलं तर म्हणाले, असं काही नसतं. दुसऱ्याने सांगितलं, जो दुकानात येत नाही त्याला भत्ता नसतो. नियमात तसं आहे खरं, पण ते स्वतःहून धान्य घ्यायला न येणाऱ्यासाठी. मावशी दर महिन्याला जात होत्या, कार्डच बंद म्हणून रिकाम्या हाताने परत येत होत्या. कार्ड बंद करून ठेवायचं आणि वर म्हणायचं की तुम्ही आला नाहीत, हे पटत नाही.

अपात्र माणसाने धान्य उचललं तर बाजारभावाने वसुली करू, असं खात्याकडून वेळोवेळी सांगितलं जातं. करावी. लाईट बिल एक महिना थकलं तर पुढच्या बिलात थकबाकी आणि व्याज छापून येतं. सरकारचं आमच्याकडे राहिलं तर त्याची तारीख आणि पैसा कधी विसरला जात नाही. मग आमचं सरकारकडे राहिलं तर त्याचीही तशीच नोंद हवी.

ही नोंद करायला नवीन काहीही लागणार नाही, हेच मला आयोगाला सांगायचं आहे. कार्ड कोणत्या दिवशी एनपीएचमध्ये टाकलं ती तारीख कॉम्प्युटरमध्ये आहे. परत कधी आलं तेही आहे. कार्डावर किती माणसं, प्रत्येकाचा आधार नंबर, हे पण आहे. बँक खातं आधारला जोडलेलं आहे, इतर योजनांचे पैसे त्यातच येतात. दोन तारखांची वजाबाकी, माणसांनी गुणाकार, दराने गुणाकार. मावशींना पुन्हा अर्ज, पुन्हा हमीपत्र, पुन्हा लाईट बिल, पुन्हा माझ्याकडून दहा झेरॉक्स कशाला? चूक दुरुस्त करणाऱ्या अधिकाऱ्याने ज्या आदेशाने कार्ड चालू केलं, त्याच आदेशात एक ओळ लिहावी: अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंतचा भत्ता खात्यात जमा करावा. एवढी ओळ सक्तीची करा.

आणि ज्यांचं नाव काढायचं आहे त्यांना आधी मराठीत लिहिलेली नोटीस द्या, कारण काय ते स्पष्ट लिहून. तीच यादी रेशन दुकानाच्या दारावर महिनाभर लावा. लोक वाचतील, ज्यांना वाचता येत नाही त्यांना शेजारी वाचून दाखवतील, चुकलेली नावं तिथेच कळतील. चुकून काढलेल्याला परत घेताना इष्टांक आड येणार नाही, हेही लेखी द्या. ज्यांचे अंगठे कामाने झिजले आहेत, मग लसूण सोलणारे असोत, दगडखाणीतले असोत की भांडी घासणाऱ्या बायका असोत, त्यांच्यासाठी डोळ्याच्या मशीनचा एक दिवस ठेवा, आणि तो दिवस रविवारी असू द्या, मजुरी बुडणार नाही.

हीच अडचण संजय गांधी निराधार योजनेतही दिसते. विधवा बाईचे महिन्याचे 1,500 रुपये हयातीचा दाखला वेळेत पोचला नाही किंवा खातं आधारशी जुळलं नाही म्हणून थांबतात. ते आयोगाच्या कक्षेत येत नाही, म्हणून त्यावर वेगळं पत्र लिहीन.

कायद्याच्या कलम 16 प्रमाणे आयोगाला स्वतःहून चौकशी करता येते. साक्षीदार बोलावणं, कागद मागवणं, यासाठी दिवाणी न्यायालयासारखे अधिकार कलम 20 मध्ये आहेत. जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याने सांगितलेली भरपाई विनाकारण न देणाऱ्याला कलम 33 खाली 5,000 रुपयांपर्यंत दंड आयोग करू शकतो. माझी विनंती एवढीच आहे की ठाणे जिल्ह्यात, ठाण्यापासून नवी मुंबईपर्यंत, गेल्या दोन वर्षांत प्राधान्य आणि अंत्योदय यादीतून काढून पुन्हा घेतलेल्या सगळ्या कार्डांची यादी मागवा. त्यातल्या किती जणांना कलम 8 चा भत्ता मिळाला ते विचारा. उत्तर काय येतंय ते आम्हालाही कळू द्या.

मावशींचा भत्त्याचा अर्ज मी भरला आहे. तो ऑफिसात द्यायला गेलो तर असा अर्ज कोणत्या टेबलावर घ्यायचा हे कोणाला ठरवता आलं नाही आणि पोच मिळाली नाही. म्हणून तो आयोगाकडे टपालाने पाठवत आहे. अर्जाच्या खाली मावशींची सही नाही, अंगठा आहे. शाई नीट उमटलेली नाही, तीन वेळा घेतला तरी तसाच आला. कृपया त्या कारणावरून अर्ज परत पाठवू नये.

आपला,
तुर्भे स्टोअरमधला एक झेरॉक्सवाला

सोबत: अर्ज, केशरी कार्डाच्या सर्व पानांची प्रत, 24 ऑक्टोबर 2017 च्या पत्राची प्रत